जांभळ्या कडेची कण्मणी

१

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्याच सकाळी शिवज्ञानम यांनी आपल्या तीस वर्षं जुन्या मित्राला चोर ठरवलं. नुसतं मनात ठरवून थांबले नाहीत. आमच्या कोळत्तूरमध्ये शोभेचे मासे विकणाऱ्या-पाळणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे. दुकानदार, मासे वाढवणारे आणि माझ्यासारखे रिकामटेकडे मिळून चारशे माणसं. त्यावर त्यांनी लिहून टाकलं: "माझी कण्मणी चोरीला गेली. तिच्या जागी दुसरंच कोरल बसवलंय. माझ्या घराची किल्ली तीन आठवडे एळुमलैकडे होती. बाकी तुम्ही शहाणे आहात."

मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा माझी बायको तिलकवती बाल्कनीत बसून कुणाच्या तरी टाकीतल्या पाण्यात थेंब मोजून टाकत होती. शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिने बत्तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर मला वाटलं होतं, आता ही जरा स्वस्थ बसेल. पण आमच्या भागात दर तिसऱ्या घरात काचेची टाकी. कुणाचा मासा मेला की माणूस बाटलीभर पाणी घेऊन आमच्या दारात उभा. मासा कशाने मेला हे ती पाण्यावरून सांगते, आणि बऱ्याचदा कुणाच्या हातून मेला तेही. बाटल्या वाहणं आणि मध्ये न बोलणं ही माझी कामं. पहिलं मला जमतं.

"परत वाचा," ती म्हणाली. मी परत वाचलं.

कण्मणी कोण, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते एक मश्रूम कोरल. दिसायला अळंबीच्या छत्रीसारखं, पण आहे समुद्रातला जिवंत प्राणी. बशीएवढा, मऊ, मधोमध तोंड, आणि दगडाला एका पायाने धरून बसलेला. शिवज्ञानम जहाजावर इंजिनियर होते, वर्षातले आठ महिने समुद्रावर. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी एळुमलैच्या दुकानातून हे कोरल आणून बायकोला, विशालाक्षीला दिलं. नारिंगी अंग, त्यावर हिरवे मणी, आणि सगळ्या कडेने सुईने ओढावी तशी बारीक जांभळी रेघ. विशालाक्षीने लाडाने तिचं नाव कण्मणी, म्हणजे डोळ्यातली बाहुली, ठेवलं, लेकीला हाक मारावी तसं. टाकी नवऱ्याची, पण तो जहाजावर असताना ती जगवली विशालाक्षीने. तिला जाऊन आता चार वर्षं झाली होती. तेव्हापासून शिवज्ञानम सकाळची कॉफी टाकीसमोर बसून पीत, आणि पीत असताना कुणाशीतरी बोलत.

फोन वाजला. त्यांची मुलगी कयल होती.

"मावशी, अप्पा पोलिसांत निघालेत. चप्पल सापडत नाही म्हणून थांबलेत."

"कुठे गेली चप्पल?"

"मी लपवलीय. पण फार वेळ नाही लपणार. लवकर या."

२

शिवज्ञानम काळा चष्मा लावून अनवाणी बसले होते. आम्हाला बघून उठले आणि तिलकवतीचा हात धरून तिला थेट टाकीशी घेऊन गेले.

"बघ. तूच बघ. कडा कुठाय?"

टाकीच्या मधल्या दगडावर कोरल छान पसरलं होतं. नारिंगी, हिरव्या मण्यांचं. शेजारी त्याचीच तीन पिल्लं, बटणाएवढी. जांभळी रेघ मात्र कुठेच नव्हती.

"अप्पा, डॉक्टरांनी सांगितलंय ना," कयल म्हणाली, "मोतीबिंदू काढल्यावर थोडे दिवस रंग वेगळे दिसतात."

"वेगळे दिसतात म्हणजे असलेली कडा नाहीशी होते?" ते तिच्याकडे वळले. "आणि काल या घरात आल्यापासून बघतोय, मला न विचारता काय काय बदललंय. स्वयंपाकघराची भिंत निळी कुणी केली?"

"ती निळीच आहे."

"पांढरी होती."

"आकाशी आहे, अप्पा. माझ्या लग्नाच्या वेळी अम्माने रंग निवडला. नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षं मी काय डोळे मिटून जेवत होतो?"

तिलकवतीचा हात काचेवर होता, तो तिथेच राहिला. तिने वळून एकदा भिंतीकडे पाहिलं. मग पिशवीतून भिंग काढलं आणि बराच वेळ कोरलाच्या बुडाशी बघत राहिली. ते एका सुपारीएवढ्या खड्यावर बसलेलं होतं, आणि तो खडा मोठ्या दगडाला चिकटवलेला होता. दुकानातून आणलेलं मश्रूम असंच खड्यावर येतं. खालच्या गोंदाच्या गोळ्यावर चुनखडीसारखा गुलाबी थर जमला होता.

"तुम्ही डोळ्यांसाठी तीन आठवडे कयलकडे होतात तेव्हा या घरात कोण कोण आलं?"

"एळुमलै. रोज. दुसरं कोण येणार? विचारलं तर मान खाली घालून उभा. तीस वर्षांत त्याने माझ्यासमोर कधी मान खाली घातली नव्हती."

"कदिरेशनही आला होता एकदा," कयल हळूच म्हणाली. "मी अप्पांचे कपडे न्यायला आले होते तेव्हा. कॉफी करेपर्यंत इथेच उभा होता. दहा मिनिटं."

कदिरेशन हा अंबत्तूरचा तरुण. त्याच्याकडे चाळीस जातींची मश्रूम कोरल्स आहेत आणि कण्मणीचं एक पिल्लू मिळावं म्हणून तो पाच वर्षं शिवज्ञानम यांच्या मागे लागला होता.

"दोन दिवस द्या, अण्णा," तिलकवती म्हणाली. "दोन दिवस पोलिसांत जाऊ नका."

"एळुमलैसाठी बोलतेस?"

"विशालाक्षीच्या टाकीसाठी बोलतेय."

ते खाली बसले.

जिना उतरताना मी म्हटलं, "म्हातारा उगाच पेटलाय. डोळे नवे आहेत, रंग चुकतायत."

"त्यांचे डोळे अगदी बरोबर आहेत," ती म्हणाली. "कोरल बदललेलं आहे."

३

रस्त्याने जाताना तिने मला समजावून सांगितलं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यात पिवळट काच बसवल्यासारखं. तिच्यातून निळं आणि जांभळं आधी नाहीसं होतं. आकाशी भिंत पांढरी दिसते. काच काढली की निळं परत येतं, उलट जास्तच उजळ.

"आता सांगा. कडा खरोखर तिथे असती तर?"

"तर ती आता त्यांना पहिल्यापेक्षा ठळक दिसली असती," मी म्हटलं.

"मग? दिसत का नाही?"

"नाही, म्हणून." मी थांबलो. "म्हणजे एळुमलैने—"

"ते मी म्हटलं नाही."

एळुमलैच्या दुकानात एरवी शनिवारी उभं राहायला जागा नसते. त्या दिवशी तो एकटाच बसून एका टाकीची काच पुसत होता, जी आधीच स्वच्छ होती. साठीचा, बुटका, हातांना कायम मिठाचे चरे. आमच्यासमोर एक गिऱ्हाईक दारापर्यंत आलं, त्याने आत पाहिलं आणि पलीकडच्या दुकानात शिरलं.

"सकाळपासून अकरावं," एळुमलै म्हणाला. "बसा, अक्का."

"अण्णा, सरळ विचारते. तुम्ही कण्मणी घेतलीत?"

"त्या टाकीतून मी आजवर काही घेतलेलं नाही. कचरा आणि जुनं पाणी सोडून."

"बरं. आज त्या दगडावर आहे ती कण्मणीच का?"

त्याने फडकं पिळलं. झटकलं. वाळत घातलं.

"कॉफी घेणार?" त्याने विचारलं.

"अण्णा."

"शेजारचा चांगली करतो. सांगतो मी." तो उठला, पण गेला नाही. पाठमोराच उभा राहिला. "शिवज्ञानम रागावला की जेवत नाही. साखरेचा त्रास आहे त्याला. कयलला म्हणावं, दोन घास दहीभात तरी घालत जा. दरडावल्याशिवाय खाणार नाही."

त्याने गल्ल्यातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "ही त्याला द्या. पोलिसांत जायचं असेल तर जा म्हणावं. तिथेही मी एवढंच सांगेन."

बाहेर आल्यावर तिलकवतीने मागे वळून दुकानाकडे पाहिलं.

"खोटं बोलत नाहीये," ती म्हणाली. "पण काहीतरी गिळून बसलाय. आणि ते त्याचं स्वतःचं नाहीये. स्वतःचं गुपित असतं तर माणूस एव्हाना चिडला असता."

४

दुसऱ्या दिवशी कदिरेशन आम्हाला दारात बघून इतका घाबरला की आम्ही विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"मी हात लावला नाही. आईशपथ, मावशी. नुसता बघत होतो."

"दहा मिनिटं?"

"त्या कोरलाकडे मी तासभर बघू शकतो." तो ओशाळला. "आणि दुसरं म्हणजे... कयलताईंनी बोलावलं होतं. अप्पांना आता टाकीचं होत नाही, वाकता येत नाही, गुडघे गेलेत. म्हणाल्या, पुढेमागे टाकी बंद करायची वेळ आली तर तू नेशील का, त्यातलं सगळं नीट सांभाळशील का. मी कुणाला सांगणार नाही म्हटलं होतं."

"आणि आता सांगितलंस."

"तुम्ही अशा बघता की सांगावंच लागतं."

मला त्या पोराची दया आली. ही नजर मी चाळीस वर्षं झेलतोय.

तिलकवतीने विचारलं, "तू तिचे फोटो काढलेस कधी?"

कधी म्हणजे काय, शेकड्याने काढले होते. दर भेटीचे वेगळे, तारीखवार लावलेले. त्याने फोन पुढे केला. तिलकवतीने एकेक वर्ष मागे सरकवत नेलं. गेल्या वर्षीच्या फोटोत कोरल आणि तीन पिल्लं. त्याच्या आधीच्या वर्षी दोन पिल्लं. सर्वांत पहिला फोटो दोन हजार एकोणीसच्या मार्चमधला होता. त्यात ते एकटंच होतं, पिल्लांशिवाय. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. नारिंगी अंग, हिरवे मणी, कडेला काही नाही.

"तुला कधी सांगितलं का कुणी, हिला जांभळी कडा आहे म्हणून?"

"अप्पा नेहमी सांगायचे. मला वाटायचं, प्रेमाने सांगतायत. मी कशाला खोडून काढू?"

तिलकवती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"अहो, ही पिल्लं सुरुवातीपासून आपल्याला सांगत होती," ती मला म्हणाली. "मश्रूम सरकताना पायाचा कण मागे सोडतं आणि त्यातून पिल्लू उगवतं, आईच्याच रंगाचं. गेल्या महिन्यात कुणी कण्मणी पळवली असती, तर मागे राहिलेल्या पिल्लांना जांभळी कडा असायला हवी होती. एकालाही नाही. शिवाय त्या गोंदावरचा गुलाबी थर. तो एवढा जाड व्हायला वर्षं लागतात."

"म्हणजे एळुमलै सुटला?"

"या तीन आठवड्यांतून सुटला. चोरी निदान पाच वर्षं जुनी आहे. आणि पाच वर्षांपूर्वी त्या घरात टाकीला हात लावणारी माणसं दोनच होती." तिने फोन परत दिला. "त्यातले एक शिवज्ञानम."

दुसरं नाव तिने घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

५

कयलने आम्हाला मागच्या खोलीत नेलं. कदिरेशनची गोष्ट कळल्याचं तिलकवतीने सांगितलं तेव्हा ती रडली.

"अप्पांना वाटेल, मी अम्माची आठवण मोडीत काढायला निघाले."

"त्यांना काय वाटेल ते नंतर बघू. तुझी अम्मा पाण्याची वही लिहायची. कुठायत त्या वह्या?"

कपाटातून नऊ वह्या निघाल्या. विशालाक्षीला पाणी तपासायला माझ्या बायकोनेच शिकवलं होतं, त्यामुळे अक्षर ओळखीचं होतं. रोजची तारीख, उष्णता, मीठ, आणि शेवटी एक ओळ. "कण्मणी फुलली." "कण्मणी रुसली, दिवा जरा वर घेतला." "कण्मणीने कोळंबीचा तुकडा खाल्ला, दुसरा मागितला." पानामागून पान असंच. मी वाचत होतो, तिलकवती ऐकत होती, कयल दाराला टेकून उभी होती.

दोन हजार सोळाचा डिसेंबर आला. त्या महिन्याच्या बारा तारखेला वरदा वादळ आलं होतं. आमच्याकडे कुणालाच ते विसरता यायचं नाही, झाडं पडली होती, आमच्या भागात चार दिवस वीज नव्हती. वहीत ते चार दिवस कोरे होते. सोळा तारखेला एकच ओळ: "वीज आली. मासे सगळे आहेत. अमोनिया शून्य."

"कण्मणीचं काय?" कयलने विचारलं. ती तेव्हा सासरी कोइंबतूरला होती.

मी पुढे वाचत गेलो. सतरा, अठरा, एकोणीस. नुसते आकडे. नवं वर्ष उजाडलं, तरी नुसते आकडे. नऊ जानेवारीला परत एक ओळ आली: "मश्रूम ठीक."

त्यानंतर शेवटच्या वहीपर्यंत तेच. मश्रूम ठीक, मश्रूम ठीक. साडेतीन वर्षं. कण्मणी हे नाव परत कुठेही नव्हतं.

तिलकवतीने वही माझ्या हातातून घेतली आणि मिटून मांडीवर ठेवली. "नवऱ्यासमोर ती रोज कण्मणीच म्हणायची, मी ऐकलंय. पण वहीत खोटं लिहिणं तिला जमलं नाही."

मग तिने वही पुन्हा उघडली, सोळा डिसेंबरचं पान काढलं आणि त्या एका ओळीकडे बघत बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे जुळत नाहीये," ती म्हणाली. "एळुमलैला बोलवा. आत्ताच."

६

एळुमलै यायला तयार नव्हता. मी जवळजवळ ओढूनच आणला. दोघे मित्र टाकीच्या दोन टोकांना बसले, एकमेकांकडे न बघता.

तिलकवती म्हणाली, "एळुमलै अण्णा, तुम्ही कुणाला तरी शब्द दिलाय. तो मोडू नका. बोलायचं काम मी करते. माझं चुकलं तर तेवढं थांबवा."

तो नखाने हातावरचा मिठाचा चरा खरवडत राहिला.

"वादळात वीज गेली. चार दिवसांनी दगडावर कण्मणी नव्हती. विशालाक्षीने तुमच्याकडे दुसरी मागितली. तुम्हाला तशी शोधायला तीन आठवडे लागले. नारिंगी मिळाली, हिरवे मणी मिळाले, कडा मिळाली नाही. तुम्ही दोघांनी ती चिकटवली. शिवज्ञानम अण्णा परत आले तेव्हा त्यांना काही कळलं नाही, कारण जांभळं दिसणं त्यांचं तेव्हाच बंद झालं होतं."

ती थांबली. एळुमलैने तिला कुठेच थांबवलं नव्हतं.

शिवज्ञानम यांनी काळा चष्मा काढला. "विशालाक्षीने?" ते म्हणाले. "माझ्यापासून? का? मी काय तिला खाल्लं असतं?"

मग एळुमलै बोलला, जमिनीकडे बघत.

"तिसऱ्या दिवशी मी कसाबसा इथवर आलो. रस्त्यात झाडं होती. ती या इथे स्टुलावर उभी. तांब्याने टाकीतलं पाणी उचलायचं आणि उंचावरून परत ओतायचं, पाण्यात हवा जावी म्हणून. उजवा हात सुजला होता म्हणून डाव्याने. शेजारणी पाळीपाळीने यायच्या तेव्हा तासभर पडायची. चार दिवस. चौथ्या संध्याकाळी बघते तर दगड मोकळा."

"मला फोनवर काही बोलली नाही."

"तू जहाजावरून फोन केलास तेव्हा मी इथेच होतो. पहिला प्रश्न काय विचारलास आठवतं?"

शिवज्ञानम यांना आठवत असावं. त्यांनी हातातल्या चष्म्याच्या दांड्या मिटल्या.

"'कण्मणी कशी आहे?'" एळुमलै म्हणाला. "ती म्हणाली, मजेत आहे. फोन ठेवला आणि मला म्हणाली, अण्णा, ते येईपर्यंत मला तशीच आणून द्या. मी म्हटलं, कडा नसली तर? म्हणाली, त्यांना लग्नघराची निळी भिंत दिसली नाही, कडा कुठली दिसतेय. डोळ्यांचं ऑपरेशन करतील तेव्हा मीच सांगेन, म्हणतील ते ऐकून घेईन. तोवर तुम्ही बोलायचं नाही." त्याने पहिल्यांदा मित्राकडे पाहिलं. "आणि तू ऑपरेशन पुढे ढकलत राहिलास. या वर्षी नको, पुढच्या वर्षी. मग ती राहिली नाही. आता सांगायचं तिने होतं, मी कसा सांगू?"

शिवज्ञानम यांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून वर खाली फिरत होता. कयल त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली.

"अजून एक राहिलं," तिलकवती म्हणाली. "अण्णा, मेलेली कण्मणी तुम्ही पाहिलीत?"

एळुमलै गोंधळला. "नाही. विरघळली असं ती म्हणाली."

"मश्रूम विरघळलं की सगळ्या पाण्याची घाण होते. वीज नसताना, चार दिवसांच्या थकलेल्या पाण्यात तर नक्कीच. विशालाक्षीने त्याच दिवशी पाणी तपासलं आणि लिहिलं, अमोनिया शून्य. मी तिला शिकवलंय, ती चुकणारी नव्हती. त्या टाकीत काहीही मेलं नाही."

"मग गेली कुठे?"

"मश्रूमला जागा सोसेना झाली की ते पाय सोडतं आणि पाण्याबरोबर जातं, आक्रसून लिंबाएवढं होऊन. वीज आली, पंप सुरू झाला, पाणी वाहायला लागलं. ते वाहून कुठे जातं?"

टाकीतलं जास्तीचं पाणी कडेच्या पाइपातून खालच्या कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत उतरतं. तिथे गाळणी, पंप आणि मागच्या कप्प्यात दगडांचा चुरा. एळुमलै गाळणी धुवायचा, पंप पुसायचा. मागच्या कप्प्याला कुणी कधी हात लावला नव्हता. शिवज्ञानम यांना वाकता येत नव्हतं.

माझी बायको पासष्ट वर्षांची आहे. तिने पदर खोचला, जमिनीवर आडवी झाली आणि डोकं कपाटात घातलं. "अहो, बॅटरी," आतून आवाज आला. मी दिली.

आत दगडांचा चुरा खडखडला.

"किती असाव्यात असं वाटतं?" तिने आतून विचारलं. "मी सात मोजल्यात."

७

त्या सातही फिक्कट तपकिरी होत्या, भिजलेल्या पापडासारख्या. कपाटाची मागची फळी नव्हती, तिथून खिडकीचा जेमतेम उजेड यायचा, तेवढ्यावर त्या सात वर्षं जगल्या आणि वाढल्या होत्या. कण्मणी त्यातलीच एक, किंवा त्या सगळ्याच. तिलकवतीने त्यांना एकदम दिव्याखाली येऊ दिलं नाही. पहिले पंधरा दिवस तळाशी, सावलीत. मग वीतभर वर. मग आणखी.

शिवज्ञानम यांनी त्याच दिवशी गटावर दुसरा मजकूर लिहिला होता: "एळुमलै चोर नाही. मी मूर्ख आहे. कृपया सर्वांनी त्याच्याच दुकानातून खरेदी करावी." त्यावर चारशे माणसांनी काय काय लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण पुढच्या शनिवारी एळुमलैला दुपारचं जेवायला वेळ मिळाला नाही. शिवज्ञानम स्वतः डबा घेऊन गेले आणि दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. माफी वगैरे मागितल्याचं माझ्या कानावर नाही. फडकं घेऊन टाक्या पुसल्या म्हणे.

कयलने कदिरेशनची गोष्ट आपणहून अप्पांना सांगितली. मग म्हणाले, "मला विचारायचं होतंस. मीच म्हटलं असतं, पोराला शिकवतो." आता तो दर रविवारी येतो, वाकायची कामं तो करतो.

एप्रिल सरता सरता एका सकाळी शिवज्ञानम यांचा फोन आला. नुसतं "या" म्हणाले. आम्ही गेलो तर एळुमलै आधीच हजर होता. सातांपैकी दोघींच्या अंगावर नारिंगी चढलं होतं, आणि एकीच्या कडेला, अर्ध्याच भागात, जांभळी रेघ उमटली होती. मला चष्मा पुसून बघावं लागलं. त्यांना पुसावा लागला नाही.

"आता हिला मधल्या दगडावर घेऊ," मी म्हटलं. "ती बिनकडेची काढून."

"ती कशाला काढायची?" शिवज्ञानम म्हणाले. "विशालाक्षीने स्वतःच्या हाताने बसवलीय. साडेतीन वर्षं आम्ही दोघं तिच्याकडे बघत कॉफी प्यायलो. मला वाटत होतं ती कण्मणी बघतेय, आणि ती बघत होती मी तिची चोरी पकडतो का ते. ती तिथेच राहील."

कण्मणीला शेजारच्या दगडावर जागा मिळाली.

कयल कॉफी घेऊन आली. पेला हातात घेऊन शिवज्ञानम मित्राकडे वळले. "त्या चार दिवसांचं सांग."

"किती वेळा सांगू?"

"मी तिथे नव्हतो. तू होतास. सांग."

"सगळं सांगितलंय."

"तिसऱ्या दिवशी तू आलास. ती स्टुलावर होती. मग? तुला बघून काही म्हणाली असेल."

एळुमलैने डोकं खाजवलं. "म्हणाली. तुला सांगण्यासारखं नाही."

"सांग."

"म्हणाली, अण्णा, तुमच्या मित्राला सांगा, पुढच्या जन्मी मांजर पाळ. तिला वीज लागत नाही."

शिवज्ञानम हसले. आधी बारीक, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हाताने पुसायला गेले तशी कयलने हात धरला, अजून डोळे चोळायला बंदी होती. पाणी तसंच गालांवरून खाली आलं.

"आणखी?" ते म्हणाले. "पाणी ओतता ओतता आणखी काय म्हणाली?"

तिलकवतीने मला खूण केली, आपण निघू. पण मी उठलो नाही. मलाही ऐकायचं होतं.

एळुमलैने पेला खाली ठेवला, पाय वर घेऊन नीट बसला आणि चौथा दिवस सांगायला घेतला.